हरलेल्याचा हात

गुरूचा हात पाठीवर असल्याशिवाय शिष्याने रणात उतरू नये, असं आपली परंपरा सांगते. परंपरा सहसा चुकत नाही. फक्त त्या संध्याकाळी आमचे गुरू पुण्यातल्या एका वातानुकूलित हॉलच्या मागच्या दारात अडकले होते आणि त्यांना आत सोडत नव्हते, कारण त्यांच्या डोक्यावर फेटा होता.

दारावरचा सफारीतला माणूस सभ्य होता. त्याचं म्हणणं असं की लढणाऱ्याच्या कोपऱ्यात बसणाऱ्यांनी संघाचा टी-शर्ट घालायचा आणि डोकं उघडं ठेवायचं. टी-शर्ट वस्तादांनी घातला होता. काळा, छातीवर दात विचकणारा लांडगा, आणि खाली धोतर. लांडग्याबद्दल त्यांनी मला एवढंच विचारलं होतं की हे कुत्रं कुणाचं.

मी त्या सफारीवाल्याला विचारलं, फेट्यात म्हातारा माणूस काय लपवणार? तो म्हणाला, ते त्यालाही माहीत नाही, पण वरून तसं सांगितलंय.

हिंदुराव वस्ताद सत्तरीच्या पुढचे. आमच्या करवीर तालुक्यातल्या निम्म्या पैलवानांचे कान त्यांच्या तालमीत मोडलेले. चारचौघांत त्यांनी फेटा आधी एकदाच उतरवला होता, आणि तेव्हा समोर तिरडी होती.

एवढ्यात आतून दिगू आला. दिगू म्हणजे दिग्विजय वरुटे, माझा मेहुणा. एका हाताला पट्ट्या गुंडाळून झालेल्या, दुसऱ्याच्या लोंबत होत्या. त्याने एकदा वस्तादांकडे बघितलं, एकदा सफारीवाल्याकडे.

"ऱ्हाऊ द्या वस्ताद," तो म्हणाला. "मी एकटा जातो."

वस्तादांनी फेट्याला हात घातला आणि एकेक वेढा सोडवायला सुरुवात केली. ते बराच वेळ चाललं होतं. दिगू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फेटा उतरल्यावर वस्तादांनी तो माझ्या हातात दिला.

"धर मास्तर. खाली ठेवू नको."

मी कोल्हापुरात महाविद्यालयात मराठी शिकवतो, पण वस्तादांच्या लेखी शाईचा आणि खडूचा संबंध आला की माणूस मास्तर होतो. त्या दिवशी मी मास्तरही नव्हतो. मी मॅनेजर होतो. माझी नेमणूक बायकोने, म्हणजे दिगूच्या थोरल्या बहिणीने, केली होती. वैजयंताचं म्हणणं सरळ होतं: तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही जा, आणि त्याला काही झालं तर घरी येऊ नका.

आत थंडी होती. वस्तादांचं टक्कल उघडं पडलं होतं आणि वरून गार वारा सोडलेला. अल्ताफने कोपऱ्यातल्या माणसांसाठी लॉजवरून पांढरे टॉवेल आणले होते, त्यातला एक त्याने वस्तादांच्या खांद्यावर टाकला. वस्तादांनी तो खांद्यावरून घेतला आणि डोक्याला गुंडाळला. सफारीवाल्याने बघितलं. फेट्याबद्दल त्याला वरून सांगितलं होतं. टॉवेलबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

हा अल्ताफ मुजावर म्हणजे दिगूचा कोच. शिरोलीत टायरच्या दुकानाच्या वर त्याची जिम होती. तो थायलंडला जाऊन हे पिंजऱ्यातलं लढणं शिकून आला होता, ज्यात लाथ, बुक्की, कोपर, गुडघा आणि कुस्ती सगळंच चालतं. आल्यावर त्याला कळलं की कोल्हापुरात कुस्ती फुकट मिळते, बाकीचं तेवढं शिकवावं लागतं. म्हणून तो तालमीतली पोरं हुडकत फिरायचा. दिगू त्याला असाच सापडला.

ज्या कंपनीने या लढती भरवल्या होत्या तिचा दिगूशी तीन लढतींचा करार होता. दोन झाल्या होत्या. दोन्ही तो हरला होता. तिसरी हरला की नाव कट. तसं झालं तर काय, याची तजवीज सासऱ्यांनी करून ठेवली होती. साखर कारखान्याच्या एका संचालकाच्या पाया पडून त्यांनी गेटवरच्या सुरक्षारक्षकाची जागा बोलून ठेवली होती. आमच्याकडे पैलवानाच्या आयुष्याचा शेवट गेटवरच होतो. छाती वाया जाऊ नये असा त्यामागे विचार असतो.

दिगूला गेटवर उभं राहायचं नव्हतं. तो फार बोलत नसे, पण हे त्याने मला स्वच्छ सांगितलं होतं. "दाजी, मी लढायला जलमलोय. गाड्यांचं नंबर उतरून घ्यायला न्हाई."

तो का हरला होता, ते सांगायला हवं. ताकद कमी पडली म्हणून नव्हे.

पहिल्या लढतीत घंटा झाल्याबरोबर त्याने समोरच्याला कंबरेतून उचललं आणि पाठीवर आपटलं. दोन्ही खांदे जमिनीला. चितपट. मातीतली कुस्ती इथे संपते. दिगूने त्याला सोडलं, उभा राहिला, खालच्या चटईला हात लावून कपाळाला लावला आणि प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात वर केले. मागे तो माणूस उठला. पिंजऱ्यात पाठ लागल्याने काहीच संपत नाही. उलट तिथून सुरू होतं. त्याने दिगूच्या कानाखाली लाथ घातली, आणि दिगू हात वर केलेल्या अवस्थेतच आडवा झाला.

दुसऱ्या लढतीपूर्वी अल्ताफने त्याला बजावलं की पाठ फिरवायची नाही. दिगूने फिरवली नाही. त्याने समोरच्याला चितपट केलं आणि उठायला हात दिला. त्या माणसाने हात घेतला. घेतला तो परत दिलाच नाही. कोपर उलटं वळवून त्याने दिगूला शरण आणलं. त्यानंतर महिनाभर दिगूला जेवायला डावा हात वापरावा लागला, आणि वैजयंता माझ्याशी बोलत नव्हती.

मग अल्ताफने वर्षभर त्याला एकच गोष्ट शिकवली: सोडायचं नाही. दिगू पोरांना पाडायचा आणि त्यांच्यावर पडून राहायचा. अल्ताफ शेजारी स्टुलावर बसून त्याच्याशी गप्पा मारायचा, शिट्टी वाजवायचा, खोटी घंटा वाजवायचा. एकदा पोरं कमी पडली तेव्हा मलाही पाडण्यात आलं. मेहुण्याच्या काखेत मान अडकलेल्या अवस्थेत माणूस संसाराकडे वेगळ्या नजरेने बघतो. पण तिथेही तेच. काही क्षण गेले की दिगूचा हात आपोआप सैल पडायचा.

अल्ताफने विचारलं, तुला होतं तरी काय? दिगू बराच वेळ पट्ट्या सोडवत बसला.

"तालमीत गडी चीत झाला की वस्ताद पाठीवर थाप मारत्यात," तो म्हणाला. "थाप पडली की सोडायचं. ल्हानपनापास्नं हेच. आता कुणी मारत न्हाई, पर पाठीला ती पडल्यागत वाटती."

अल्ताफ विचार करून म्हणाला, "मग ज्याची थाप आहे त्यालाच कोपऱ्यात आणू."

अडचण एवढीच होती की वस्ताद दिगूशी बोलत नव्हते. तो पिंजऱ्यात गेला त्या दिवसापासून त्यांनी तोंड बंद केलं होतं. तर दिगूने एक केलं. तो रोज पहाटे तालमीत जाऊ लागला. कुस्ती खेळायला नव्हे. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली, माती फावड्याने उकरायची, ढेकळं फोडायची, तीत ताक, तेल, हळद मिसळायची, लिंबं पिळायची, माती सारखी करायची आणि निघून यायचं. वस्ताद कट्ट्यावर बसून दुसरीकडे बघत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दिगू माती उकरत होता. लोक म्हणायला लागले की पोरगं बिघडलं. माझे सासरे गेटवरच्या जागेची पुन्हा आठवण करून आले.

शेवटी थंडीत एकदा वस्ताद बोलले. "लिंबं कमी पडल्यात," ते म्हणाले.

दिगू दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेला. बोलायला माणूस हवा म्हणून. बोलले मात्र ते दोघंच, सुरुवातीचं तेवढं माझ्या वाट्याला आलं.

"मास्तर, त्या पिंजऱ्यात पडलेल्याला मारत्यात म्हनं."

"मारतात."

"आन पंच बगत बसतो?"

"त्याला त्याचाच पगार असतो."

वस्तादांनी तंबाखू मळली. दिगू हौद्यात उभा होता, गुडघ्यापर्यंत लाल.

"मी न्हाई मारनार वस्ताद," तो म्हणाला. "पडलेल्यावर हात टाकनार न्हाई. नुसतं धरून ठेवतो, गळा आवळला की तो आपनच हार मानतोय. पर माझा हात सुटतोय. तुमी या. तुमी 'सोडू नको' म्हनला तर न्हाई सुटायचा."

"सगळा जलम 'सोड' म्हनून शिकवलं. आन आता 'सोडू नको' म्हनायला गाडीत बसून पुन्याला येऊ?"

"व्हय."

वस्तादांनी तंबाखू तोंडात टाकली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "लिंबं आनलीस का?"

आमच्याकडे याला होकार म्हणतात.

तर अशा रीतीने धोतर, लांडगा आणि लॉजचा टॉवेल यांसह हिंदुराव वस्ताद पुण्यातल्या पिंजऱ्याशेजारी खुर्चीवर बसले होते. एका बाजूला अल्ताफ, दुसऱ्या बाजूला मी, मांडीवर फेटा घेऊन. वरच्या रांगांत आमच्या गावची दोन जीपभर माणसं होती. हलगी त्यांनी आणली होती, पण ती दारावर जप्त झाली होती. वस्तादांनी येताना चिमूटभर तालमीची माती कागदाच्या पुडीत आणली होती, तीही गेली. मग त्यांनी धोतराच्या ज्या कनवटीला पुडी होती ती चाचपली आणि जे काय बोटांना लागलं असेल ते दिगूच्या कपाळाला लावलं.

दिगू पिंजऱ्यात शिरला आणि सवयीने वाकून खाली हात लावला. तिथे माती नव्हती, कुठल्याशा थंड पेयाची जाहिरात होती. त्याने जाहिरात कपाळाला लावली.

समोर दिल्लीचा मुलगा होता. लांब, काटक, आणि पाय जणू दुसऱ्या कुणाचे तरी जोडलेले, इतके सहज वर यायचे. पहिली फेरी त्याची झाली. तो लांबूनच दिगूच्या मांडीवर लाथा घालत होता आणि दिगू जवळ गेला की तिथे नसायचा. फेरी संपली तेव्हा दिगूची मांडी लाल झाली होती, ओठ फुटला होता आणि डावा डोळा मिटायला लागला होता. अल्ताफ त्याला पाणी पाजत घाईने दहा गोष्टी सांगत होता. दिगू ऐकत नव्हता. तो वस्तादांकडे बघत होता.

वस्ताद वाकून म्हणाले, "दमलास?"

"न्हाई."

"मग का बसलाईस?"

दिगू उठला. घंटा व्हायच्या आधीच.

दुसऱ्या फेरीत त्याने लाथा चुकवणं बंद केलं. एक मांडीवर घेतली, एक बरगडीत घेतली आणि तिसरी आली तशी तीच धरली. दिल्लीवाला एका पायावर उड्या मारत मागे जाळीपर्यंत गेला. तिथे दिगूने पाय सोडला आणि वर जाऊन त्याची मान व दंड एकत्र बगलेत घेतले. मला डाव फार कळत नाहीत, पण कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला ढाक कळते. कंबर आत गेली, दिल्लीवाला तिच्यावरून फिरला आणि पाठीवर पडला. सबंध पाठीवर. दोन्ही खांदे.

वरच्या रांगांतून आमच्या गावाने आरोळी ठोकली. मीही उभा राहिलो.

दिगू त्याच्यावर होता. मान अजून बगलेतच होती. आणि मला दिसलं की त्याची पाठ थरथरली. अल्ताफ जाळीला तोंड लावून ओरडत होता, धर, धर. दिगूचा हात किंचित ढिला झाला. खालच्याने लगेच हनुवटी आत घातली.

तेव्हा वस्ताद खुर्चीवरून उठले. ओरडले नाहीत. तालमीत बोलायचे तशाच आवाजात म्हणाले, "सोडू नको."

त्या गलक्यात ते दिगूला ऐकू गेलं कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्याने मान खाली घातली, पाय पसरले आणि हात आवळला. दिल्लीवाल्याने पुलासारखी कंबर उचलली. दिगू हलला नाही. खालच्याने कोपर मारलं. दिगू हलला नाही. त्याच्या फुटलेल्या ओठातलं रक्त त्या पोराच्या कपाळावर ठिबकत होतं आणि तो मातीच्या ढिगासारखा नुसता पडून होता. पंच गुडघ्यावर बसून वाकून बघू लागला. दिल्लीवाल्याचा मोकळा हात हवेत वर आला. हार मानायची असेल तर त्या खेळात समोरच्याच्या अंगावर हात आपटायचा असतो. तो हात कुठे आपटावा याचा विचार करत असल्यासारखा वर थांबला होता.

वस्ताद हे सगळं बघत होते. त्यांच्या हिशेबाने गडी चीत होऊन केव्हाच झालं होतं, आणि तरी त्यांचा पोरगा धरून होता, आणि पडलेल्याला एक बोटसुद्धा लावलं नव्हतं. आमच्याकडच्या मैदानात अशा वेळी माणूस काय करतो? डोक्यावर जे असेल ते उपसतो आणि आभाळात भिरकावतो. फेटे, टोप्या, टॉवेल. मी लहानपणी एका कुस्तीला एका आजोबांना कवळी फेकताना बघितलंय, पण ती बहुधा चुकून गेली असावी.

वस्तादांनी डोक्याचा टॉवेल उपसला आणि फेकला.

वर छताखालून गार हवेचा झोत होता. टॉवेल उलगडला, जाळीच्या वरून सावकाश आत गेला आणि पंचाच्या पायाशी पडला.

सगळ्या जगात, जिथे जिथे माणसं बंदिस्त जागेत एकमेकांना मारतात तिथे तिथे, कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की त्याचा एकच अर्थ असतो: आमचा माणूस हरला, लढत थांबवा. सकाळी नियमांची बैठक झाली होती, इंग्रजीत. तीत टॉवेलचा उल्लेख झाला नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी सांगत नाही.

पंचाने टॉवेल बघितला. आमच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग त्याने दिगूच्या खांद्याला धरून लढत थांबवली. त्यानंतर दिल्लीवाल्याचा वर थांबलेला हात खाली आला आणि दिगूच्या पाठीवर आपटला.

दिगूने थाप पडल्यावर सोडलं.

पुढचं लवकर झालं. दिल्लीवाला खोकत बसला होता. जिंकलोय हे त्याला त्याच्या माणसांनी दोनदा सांगितलं तेव्हा पटलं. निवेदकाने इंग्रजीत काय ते जाहीर केलं. पंचाने दोघांना मध्ये उभं करून दिल्लीवाल्याचा हात वर केला. वस्ताद तेव्हा गावच्या लोकांकडे वळून दोन्ही हात जोडत होते, आणि गाव नाचत होतं.

अल्ताफने डोकं जाळीवर टेकलं होतं.

मागच्या खोलीत कंपनीच्या एक बाई आल्या. पुण्याच्या होत्या, बोलणं नीट आणि मऊ. त्यांनी लढतीचं चित्रण पुन्हा बघितलं होतं आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी सांगितलं की यातून मार्ग निघतो. ज्यांनी टॉवेल टाकला त्यांनी समितीसमोर, कॅमेऱ्यावर, एवढंच म्हणायचं की माझ्या हातून चूक झाली, मला नियम माहीत नव्हता. लढत रद्द धरता येईल. करार राहील, लढत पुन्हा लावू.

अल्ताफ लगेच उठला. वस्ताद बाहेर बोळात गावच्या लोकांत उभे होते. त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं.

"अल्ताफभाई, बसा," दिगू म्हणाला. तो मांडीवर बर्फ धरून बाकावर बसला होता.

"दोन मिनिटांचं काम आहे रे."

"त्यास्नी काय सांगनार?"

"खरं तेच. टॉवेल चुकून पडला."

"चुकून न्हाई पडला. आनंदानं टाकलाय त्यांनी."

अल्ताफने माझ्याकडे बघितलं. मी विचार करत होतो. मी तोडगा सुचवला. वस्तादांना आत बोलवायचं, मी मराठीत विचारीन की टॉवेल का टाकला. ते काय म्हणायचं ते म्हणतील आणि मी समितीला इंग्रजीत सांगेन की चूक झाली म्हणतायत. वस्तादांना कळणारही नाही.

"सर," बाई म्हणाल्या, "समितीत मीही आहे."

मग दिगू मला म्हणाला, "दाजी, फेटा सोडताना त्यांचं हात बगितलं का तुमी? मी न्हाई बगितलं. मला बगवलं न्हाई. आज एकदा उतरलाय त्यांचा फेटा. आता त्यांच्या तोंडनं 'माझ्यामुळं पोरगं हरलं' म्हनवून घेऊ? कॅमेऱ्यावर?"

"मग तू गेटवर जाणार?" मी विचारलं.

"जाईन की."

"वर्षभर तुला एकच शिकवलं रे," अल्ताफ म्हणाला. आवाज चढवला नव्हता.

दिगूने त्याच्याकडे बघितलं. बाईंनी विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की. त्या जायला निघाल्या आणि दारात वस्तादांना वाट देण्यासाठी थांबल्या. वस्ताद आत येत होते. टक्कल तसंच उघडं. थंडी विसरले असावेत.

दिगू उठून त्यांच्या पाया पडला. वस्तादांनी त्याला उठवून छातीशी धरलं. लांडग्याच्या तोंडाला रक्त लागलं. मग ते त्याला हातभर लांब धरून म्हणाले, "एक कळंना. कुस्ती तू मारलीस. आन बाहेर आपल्या गावचा बापू म्हनतोय, पंचानं हात त्या पोराचा वर केला."

मी फेट्याकडे बघू लागलो. अल्ताफ बर्फाकडे. बाई दारातच होत्या.

"त्यांच्यात हरलेल्याचा हात वर करत्यात वस्ताद," दिगू म्हणाला. "धीर द्यायला."

वस्तादांनी त्याच्या एका उघड्या डोळ्यात बराच वेळ बघितलं. मग दारातल्या बाईंना विचारलं, "खरं?"

बाईंनी एकदा दिगूकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "तशी पद्धत आहे."

"चांगली रीत हाय," वस्ताद म्हणाले. "जितलेल्याला कशाला हात पायजे? त्याला काय झालंय?" आणि जरा थांबून, "आपल्यात न्हाई ही."

मग त्यांनी माझ्याकडून फेटा घेतला, तिथेच उभ्या उभ्या बांधला आणि दिल्लीवाल्याची खोली कुठे आहे ते विचारलं. मी सोबत गेलो. तो पोरगा गळ्याला बर्फ लावून बसला होता. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याचा हात धरून पुन्हा एकदा वर केला आणि त्याला मराठीत सांगितलं की पोरा, मन ल्हान करू नको, तुझं पाय चांगलं हायेत. तो पोरगा उठून त्यांच्या पाया पडला. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक.

गावात दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. हलगी परत मिळाली होती. दिगू उघड्या जीपमध्ये वस्तादांच्या शेजारी उभा होता, गुलालाने डोळ्याची सूज झाकली गेली होती. गावाला खरं काय ते आठवड्याभरात कळलं. मोबाइलवर सगळं असतं. आमच्या गावात ग्रामपंचायतीचं गुप्त मतदानसुद्धा मोजणीच्या आधी माहीत असतं. पण ही एक गोष्ट तालमीच्या कट्ट्यापर्यंत कधी गेली नाही. बापूला वैजयंताने स्वतः जाऊन समज दिली होती. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

दिगू कारखान्याच्या गेटवर लागला. गाड्यांचे नंबर उतरून घेऊ लागला. पहाटे तालमीत पोरांची मेहनत घ्यायचा. एकदा वस्तादांनी त्याला माझ्यासमोर विचारलं, "पुन्हा तिकडं का गेला न्हाईस?"

"जिंकून सोडलं वस्ताद."

"बरं केलंस. पैलवानानं जितल्यावरच सोडावं."

त्याच चैत्रात गावच्या जत्रेचं मैदान झालं. पंच वस्तादच होते. पहिली कुस्ती झाली. आमच्या पोराने शेजारच्या गावच्या पोराला चीत केलं. वस्ताद हौद्यात उतरले आणि त्यांनी खाली पडलेल्या पोराला उठवून त्याचा हात वर केला. पोरगं हात सोडवून घ्यायला बघत होतं. वस्तादांनी सोडला नाही. मैदान गप्प झालं. दिगू कडेला उभा होता. त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आमच्या सबंध गावाने वाजवल्या.

वस्तादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तालीम दिगू बघतो, पंचही तोच असतो. हरलेल्याचा हात वर करायची रीत आमच्याकडे चालू आहे. बाहेरगावचे पैलवान पहिल्यांदा गोंधळतात, मग त्यांना समजावून सांगावं लागतं.

वार्ताहर मात्र दर वर्षी नवा येतो, फोटो काढतो आणि जेवायच्या आधी निघून जातो. त्यामुळे आमच्या मैदानाचा निकाल पेपरात उलटा छापून येतो.